उसनी लेक

आमच्या भागात साखर उसनी आणतात, विरजण उसनं आणतात, कौलं चाळायची असली की शेजारच्याची शिडी उसनी आणतात. उमरठच्या अलीकडे डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. तिथल्या एका घरात दर भाद्रपदात लेक उसनी आणत.

त्या वाडीची रीतच तशी. गौर म्हणजे पाणवठ्यावरून आणलेली तेरड्याची रोपं, आणि ती घरच्या लेकीनंच आणायची. सून चालत नाही, कारण गौर माहेरी येते आणि माहेरी आणायचा मान लेकीचा. लेकीनं तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि गौर पाटावर बसेपर्यंत ती गिळायचीही नाही, टाकायचीही नाही, म्हणजे वाटभर बोलणं बंद. ज्या घरात लेक नाही तिथल्या बाईनं सकाळीच शेजारी जाऊन म्हणायचं, "तुझी लेक दे गो यंदा." शेजारीण देते, त्यात कमीपणा काही नाही. पण गौर दारात आली की घरची बाई विचारते, "कोणाच्या हातानं आली?" आणि वाडीतली सगळ्यात वडील बाई सगळ्यांदेखत उत्तर देते, "शेजारच्या लेकीच्या हातानं." तसं उत्तर मिळाल्याशिवाय गौर उंबरा ओलांडत नाही.

या घरची बाई वर्षानुवर्षं ते उत्तर ऐकून गौर आत घ्यायची. खरं तर तिच्या घरात लेक होती. मुलगा म्हणून जन्माला आलेली, एवढंच.

ती माझी विद्यार्थिनी. मी पोलादपूरच्या एका हायस्कूलात चित्रकलेची बाई होते. उभी हयात खडू आणि पोस्टर कलरमध्ये गेली, आणि आता महाडला घरी बसून लोकांशी भांडते, असं आमचे हे म्हणतात. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. ते तिनं स्वतः निवडलंय आणि त्यासाठी पुष्कळ सोसलंय, ते असं चारचौघांत वाटायला नको. शाळेत ती मुलांच्या रांगेत बसायची, भिंतीला चिकटून. निसर्गचित्र काढा म्हटलं की बाकीची पोरं दोन डोंगर, मधे सूर्य, खाली झोपडी करून मोकळी व्हायची. ही झोपडीचं दार उघडं काढायची आणि आत चुलीपाशी माणसं बसवायची. एकदा मी विचारलं, "यातली तू कुठली?" तिनं परकरातल्या पोरीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "मग तिच्या केसांना जरा तेल लाव, पिंजारलेत." ती हसली. तेवढ्यावर आमचं जमलं ते जमलं.

पुढं ती मुंबईला गेली, तशी वाडीतली निम्मी पोरं जातातच. तिथं शिवणकाम शिकली आणि शाळा-कॉलेजांत चित्रं दाखवून, नाटुकली करून आपल्यासारख्यांबद्दल समजावून सांगणाऱ्या एका गटात शिरली. माणूस म्हणून ताठ झाली. पण गावी यायचं तर बाबांची अट होती, शर्ट-पँटीत ये. मग पोलादपूरच्या स्टँडवर उतरायची, संडासात जाऊन ड्रेस उतरवायची, शर्ट-पँट चढवायची, केस टोपीत कोंबायची आणि मग वाडीकडची गाडी धरायची. परत जाताना पुन्हा तोच संडास. हे तिनं मला हसत हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही, माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "त्या घाणीत कपडे बदलायला आणि घाबरायला तू काय चोरी केलीस?" ती म्हणाली, "बाई, आईला बघायला मिळतं ना तेवढं. चालतं मला." चालतं म्हणे. अशा चालवून घेणाऱ्या माणसांमुळेच जग असं सोकावलंय.

त्या रागाच्या भरातच आमचं काम सुरू झालं. तिच्या गटाचं मुंबईत बरं चाललं होतं, पण मुंबईतल्या लोकांना शहाणं करून हिच्या वाडीतलं दार थोडंच उघडणार होतं? मी म्हटलं, इथं करू. पुरानं पोपडे आलेली माझी खालची खोली रिकामी केली आणि मांजरपाटाचे मोठे तुकडे आणून आम्ही दोघी चित्रं काढायला बसलो. गोष्ट साधीच. डोंगरातलं एक पोर, सगळे त्याला मुलगा म्हणतात, त्याला मात्र आतून आपण मुलगी आहोत हे ठाऊक असतं. ते शाळेत जातं, मार खातं, शहरात जातं, शिकतं, बाई म्हणून उभं राहतं आणि एक दिवस लुगडं नेसून आपल्या अंगणात येतं. आई दाराआड उभी असते. इथं चित्रं संपायची. शेवटचा कपडा आम्ही कोराच ठेवला होता. तो उलगडून ती विचारायची, "पुढं काय झालं असेल? तुम्हीच सांगा."

ही चित्रं घेऊन आम्ही शिक्षकांच्या बैठकांना गेलो, अंगणवाडीच्या बायकांकडे गेलो, बचत गटांत गेलो. एका बैठकीत एक मुख्याध्यापक उठून म्हणाले, "बाई, हे मुंबईचं खूळ आहे. आपल्याकडे असलं काही नसतं." मी म्हटलं, "सर, तुमच्याही वर्गात आहे. हजेरी घेताना तुम्ही मान वर करत नाही, म्हणून दिसत नाही." तिनं मागून माझा पदर ओढला. नंतर म्हणाली, "बाई, तुम्ही भांडलात की लोक तुमच्यावर चिडतात, आणि गोष्ट माझी राहून जाते." खरं होतं तिचं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जुना रोग. त्यानंतर मी कपडे धरायची आणि बोलायची ती.

बायका बोलायच्या मात्र छान. शिवथरच्या खोऱ्यात एक म्हणाली, "आई दार उघडील, पण मागलं." दुसरी म्हणाली, "जेवायला वाढील, पण नवरा शेतावर गेल्यावर." एकीनं लग्न लावून द्यायचा उपाय सांगितला, तर तिच्या शेजारणीनंच तिला गप्प केलं, "तुझं लावलं तेनं काय बरं झालं?" सगळ्या खो-खो हसल्या आणि मग मोकळं बोलू लागल्या. कोर्टानं केव्हाच सांगितलंय की आपण कोण हे ज्याचं त्यानं ठरवायचं. तेही ती समजावून सांगायची. पण कोर्ट काही कोणाच्या अंगणात येऊन उभं राहत नाही. अंगणात आईच लागते.

एवढ्या गावांतून फिरलो, पण तिच्या वाडीला जायचं नाव ती काढत नव्हती. शेवटी तिथल्या बचत गटाच्या बायकांनीच निरोप धाडला, सगळीकडं दाखवता, आमच्याकडंच का नाय? त्या दिवशी ती पहिल्यांदा साडीत वाडीला गेली. पोलादपूरच्या स्टँडवरून गाडी बदलताना तिनं त्या संडासाकडे पाहिलंसुद्धा नाही. मीच पाहिलं.

देवळाच्या मंडपात बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. तिची आई मागं खांबाला टेकून होती, पदर तोंडावर धरून. पुढं तिची मोठी काकी, वाडीतली सगळ्यात वडील बाई. सोवळंओवळं, सण, रीतभात या काकीच्या हातात. तिच्यापुढं पुरुषही आवाज चढवत नाहीत. चित्रं एकेक उलगडत गेली. गोष्ट कोणाची, हे प्रत्येकीला कळत होतं, म्हणून एकीच्याही तोंडून शब्द फुटेना. कोरा कपडा उलगडला तरी नाही. बऱ्याच वेळानं काकीनं घसा खाकरला आणि म्हणाली, "चितारलंय बरं. पण त्या बाईचं लुगडं असं नाय नेसत आमच्यात. काष्टा चुकलाय."

बायका हसल्या, वरवरच्या. मी गप्प बसले, आणि ते मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. तेवढ्यात मागून तिच्या आईचा आवाज आला. तिनं गोष्टीबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाली, "तिकडं मुंबईत तिला जेवाय कोण वाढतं?"

ती म्हणाली, "मीच घेते वाढून, आई."

आईनं मान हलवली आणि उठून घरी गेली. चहाला आम्हाला काकीनं बोलावलं, आईनं नाही. परतताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाई, मला दुसरं काही नको. एकदा गौरीला तिनं दुसऱ्याची लेक मागायला जाऊ नये. तेवढंच." माझे डोळे भरून आले होते आणि रुमाल सापडत नव्हता.

गणपतीच्या आधी तिचे बाबा महाडला बाजाराला आले. मृदंगाच्या वाद्या आवळून घ्यायच्या होत्या. हा माणूस वाडीच्या नमन मंडळाचा जुना गडी. नमनात देवाचा खेळ होतो आणि त्यात गवळणीही पुरुषच होतात. तरुणपणी हे वर्षानुवर्षं गवळण व्हायचे आणि त्यांचं मुरकणं बघायला चार गावची माणसं यायची. ती तेव्हा माझ्याकडेच राहायला आली होती. बाबा खुर्चीच्या कडेला बसले, टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मंडळाशी बोललो मी. लय समजावलं. तयार झालेत. यंदा तू नमनात गवळण हो. साडी नेस, दागिने घाल, सगळ्या वाडीसमोर नाच. कोणी काय बोलणार नाय. काकीपण कबूल हाय. फक्त गौरीला हात लावायचा नाय, म्हणाली. गौर कोपंल."

मी आत चहा टाकत होते. खरं सांगते, मला आनंदच झाला. ज्या माणसानं तिला स्टँडवर कपडे बदलायला लावले, तो आपल्या पायांनी चालत येऊन तिला साडी नेस म्हणतोय. मी मनात मांडे खाऊ लागले, गवळणीचा शालू कुठला आणायचा इथपर्यंत पोचले होते. ती काय म्हणते ते बघायला डोकावले. ती खाली बसली होती, बापाच्या पायांशी.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही मंडळाशी भांडलात माझ्यासाठी. ते मी विसरणार नाय. पण तुम्ही एवढी वर्षं गवळण झालात, खेळ संपला की साडी उतरवून पेटीत ठेवलीत आणि बाबा होऊन घरी आलात. मला ती उतरवून ठेवता येत नाय. मी गवळणीचं सोंग केलं तर वाडी टाळ्या वाजवील. पण मग कायमचं ठरून जाईल की हे सोंगच हाय."

बाबांना लागलं ते. किती मनधरणी करून आणलेला मान पोरीनं परत केला होता. टोपी फिरवत म्हणाले, "मग तुला काय पायजे?"

"आईला विचारा," ती म्हणाली. "तिला ठाव हाय."

ते चहा अर्धा टाकून गेले. मला त्यांचा राग आला नाही. कसा येणार? या माणसांना आयुष्यभर बाई झालेला पुरुष फक्त मांडवात पाहायला मिळाला होता, ते तिला जागा देणार तर मांडवातच देणार. त्यांच्या लेखी ती मोठ्या मानाची जागा होती. ती मात्र दिवसभर शिवणाच्या मशीनवर बसून राहिली आणि माझ्या ब्लाउजच्या बाह्या दोनदा उसवून पुन्हा शिवल्या.

गौरीच्या दिवशी सकाळी म्हणाली, "बाई, जाऊन येऊ. मी लांबूनच बघीन." मी म्हटलं, लांबून बघायला काय सर्कस आहे? पण निघाले तिच्याबरोबर. तिनं साधी हिरवी साडी नेसली होती. वाडीत पोचलो तेव्हा बायका पाणवठ्यावर जमल्या होत्या. काठाला तेरडा माजला होता, गुलाबी आणि जांभळा. ती एका दगडापाशी थांबली, पुढं गेलीच नाही. काकीनं आमच्याकडे पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. शेजारच्या घरची लेक, जिला दर वर्षी उसनी नेत, तीही तिथंच होती. कॉलेजात जाणारी पोर. पण ती पाण्याकडे न जाता आपल्या आईच्या मागं उभी होती.

तिची आई, म्हणजे ती शेजारीण, सरळ आमच्याकडे चालत आली. तेरड्याची रोपं तिच्या हातात होती, मुळांसकट धुतलेली, हळदीच्या पानात गुंडाळलेली. म्हणाली, "धर गो."

ती म्हणाली, "मी कशी धरू, वहिनी?"

"कशी म्हणजे? दोन्ही हातांनी." शेजारीण म्हणाली. "तुझी आय आली होती सकाळी माझ्याकडं. मला वाटलं नेहमीसारखी लेक मागाय आली. मी म्हटलं, घेऊन जा. तर म्हणते कशी, यंदा तुझी नको. माझी येईल."

हिनं तोंडावर हात घेतला, खाली बसली, पुन्हा उभी राहिली. रडायला येत होतं, पण वेळ कुठं होता? मागून ती कॉलेजातली पोर म्हणाली, "घे ना ताई. मला पाणी धरून दर वर्षी उचकी लागते." एक-दोघी हसल्या, बाकीच्या काकीकडे बघत राहिल्या. काकीचा चेहरा दगडी होता. तिनं नको म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. माझी पोर ओढ्यात उतरली, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि गौर उचलली.

पुढं बाबा मृदंग वाजवत चालले होते. ते तिकडं कधी येऊन उभे राहिले, मला कळलंच नाही. मधे ती, डोळ्यांतून धारा आणि गाल पाण्यानं फुगलेले. हुंदका आला की थांबायची, नाकानं श्वास घ्यायची आणि पुन्हा चालायची. हुंदक्यानं चूळ बाहेर आली असती तर तिथंच सगळं संपलं असतं. मी मागून चालत होते. मला धास्ती होती ती दारातल्या प्रश्नाची. आईनं लेक मागितली नाही हे खरं, पण उत्तर द्यायचं होतं काकीनं. काकी गप्प राहिली असती तर गौर अंगणातच उभी राहिली असती आणि गौरीबरोबर तीही.

आई दारात तांब्या घेऊन उभी होती. नवं लुगडं नेसलेली, कपाळभर कुंकू. तिनं लेकीकडे पाहिलंच नाही, नजर गौरीवर ठेवून विचारलं, "कोण आली?"

बायकांनी नेहमीप्रमाणे म्हटलं, "गौर आली."

"काय घेऊन आली?"

"धनधान्य घेऊन आली."

मग आई थांबली. "कोणाच्या हातानं आली?"

मृदंग थांबला. सगळ्या काकीकडे बघू लागल्या. काकी मात्र त्या हिरव्या साडीकडे बघत होती, वरपासून खालपर्यंत. मग ती पुढं झाली, तिच्या खांद्यावरून घसरलेला पदर नीट केला, निरी जरा ओढून बसवली आणि कावलेल्या आवाजात म्हणाली, "घरच्या लेकीच्या हातानं आली. घे आता आत, पोरीला श्वास घ्यायचा हाय."

आई खाली बसली. लेकीच्या पायांवर पाणी घातलं, चिखल धुतला, बोटांमधली माती काढली, कुंकू लावलं. पाय केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी ती पाणी घालत राहिली आणि हातानं पाय चोळत राहिली. वर बघेचना.

"पुरे गो," काकी म्हणाली. "उद्या पण हाय ती."